आमेनच्या आडून

अहो,

देवाकडे जायला तोंड राहिलं नाही, म्हणून आधी तुमच्याकडे आले. हसू नका. चौथी शिकलेली बाई मी, चुका सांभाळून घ्या. शेरॉन शाळेतून येऊन इथंच चित्र काढत बसलीय, तिच्याच कागदावर लिहितेय. पुढचे दोन दात पडलेत तिचे! हसली की तुम्ही दिसता, कवळी काढून ठेवल्यावर दिसायचात ना, अगदी तश्शी. बघायला हवी होती हो तुम्ही आपली नात. मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतून. असो. मुद्द्याचं सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून दातांवर आले.

परवा संध्याकाळी आपल्याकडे घरसभा होती. पादरीसाहेब आले, मंडळीतल्या बाया आल्या, समोसे आणले. शेवटची प्रार्थना पादरीसाहेबांनी शेरॉनला करायला सांगितली. घरातलं धाकटं लेकरू करतं ना, तुम्हीच ती रीत पाडलीत. मी अशी फुगले! शेजारच्या बहनजींना कोपरानं ढोसलं, म्हटलं, "सुनिए, सुनिए, हमारी पोती।"

पोरीनं डोळे घट्ट मिटले, हात जोडले आणि म्हणाली, "प्रभु, मम्मी को थोड़ी अक्ल दे। उनका घमंड तोड़ दे। दोपहर तक सोती रहती हैं, उनको जगा दे। और आजी को इस घर में रहने का सब्र दे। आमीन।"

आणि सगळ्यांनी सवयीनं आमीन म्हटलं. मीसुद्धा!

मग कळलं. समोशाची प्लेट धरून आपली सून, अनीता, दारातच उभी होती. पादरीसाहेब चष्मा पुसायला लागले. शेरॉन सगळ्यांकडे बघत होती, शाबासकीची वाट बघत.

कुठून शिकली ती, हे तुम्हाला सांगायला नको. रोज सकाळी मटार सोलता सोलता मी मोठ्यानं प्रार्थना करते. पोर मांडीला मांडी लावून बसते, दाणे खाते. मला वाटायचं, चला, नातीच्या कानावर प्रार्थना पडतेय. तिनं माझंच सगळं हिंदीत केलं फक्त. एक शब्द गाळला नाही हो!

चुगली म्हणून मी कधीच करत नव्हते. शेजारणीपाशी सुनेचं एक अक्षर बोलले नाही, याचा केवढा तोरा होता मला. शेजारणीला नाही सांगितलं, देवाला सांगितलं. मागे आमेन लावलं की झालं पवित्र! वाईट विचार म्हणजे चोरीचे, खुनाचे, असं मी धरून चालले. सकाळपासून डोक्यात अनीताचं जे दळण चालायचं, ते मी त्यात कधी मोजलंच नाही.

आणि ती दुपारपर्यंत झोपते का? रात्रभर अमौसीला विमानतळावर ड्यूटीला उभी असते म्हणून. मला ठाऊक नव्हतं का? होतं ना!

तुम्ही असता तर इतकं वाढू दिलं नसतं. आठवतं, आपण पहिल्यांदा चारबाग स्टेशनावर उतरलो तेव्हा? मी सुरू केलं, ऊन किती, गर्दी किती, हमाल किती उद्धट. तुम्ही नुसतं म्हणालात, "आणि?" मी आणखी दोन तक्रारी केल्या. तुमचं पुन्हा "आणि?" शेवटी सांगण्यासारखं काही उरेना, तेव्हा म्हटलं, "आणि… माझी शिलाईची मशीन मात्र हमालानं अगदी जपून उचलली." तुम्ही लगेच, "हं, आता आमेन."

जन्मभर हेच केलंत. राग यायचा मला. नगरला माहेरी सांगायचे, आमचे हे नवरे नाहीत, मास्तर आहेत. चांगलं सापडेपर्यंत सोडायचे नाहीत. तुम्ही गेलात आणि "आणि?" विचारणारंच कोणी उरलं नाही. दोन नाताळ गेले. मन कसं, नुसतं माजलं माझं. पण का हो, मला एकटीला जमत नाही हे माहीत असून आधी जायची काय घाई होती?

परवा अनीतानं समोशाची प्लेट खाली ठेवली. आत गेली, नळ बराच वेळ चालू होता. ड्यूटीला निघताना म्हणाली, "मम्मीजी, सब्जी ढककर रखी है।" त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

पण खरं भ्याले ते काल. जेवायला बसलो, मी म्हटलं, शेरॉन, प्रार्थना कर बाळा. तिनं हात मागे लपवले. "नहीं आजी। मेरी प्रार्थना से मम्मी रोती है।"

सहा वर्षांचं लेकरू हो! देवाशी बोलायला घाबरायला लागलं, ते माझ्यामुळे.

म्हणून आज ती शाळेतून आल्यावर ताट वाढलं आणि म्हटलं, आज आजी करणार, तू नुसती ऐक. डोळे मिटले. लाज वाटली. मग म्हटलं, "प्रभू, आजोबा आजारी होते तेव्हा अनीता रात्रीची ड्यूटी करून यायची, आणि पर्स खाली ठेवायच्या आधी त्यांची दाढी करायची. तिचे आभार." एवढं बोलून मी आमेन म्हणणार, तर पोरीनं एक डोळा उघडला.

"और?"

अहो, माझे हात जोडलेलेच राहिले. तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिला आईबद्दल आणखी ऐकायचं होतं, एवढंच. मग मला दुसरं आठवलं. मग तिसरं. वरण गार झालं. शेवटी "आमीन" तिनंच म्हटलं, हळूच.

तेव्हा तुम्हाला शब्द देते. डोक्यात दळण सुरू झालं की मीच मला "आणि?" विचारेन. जमणार नाही रोज, पण विचारेन. आणि अनीताला जे सांगायचं ते अनीतालाच सांगेन, देवाला मध्ये उभा करणार नाही. सुरुवात माफीपासून. माझ्या हिंदीला ती हसली तर हसू दे. नाही बोलली तर तेही ऐकून घेईन.

आतल्या खोलीत चपला वाजल्या. उठली वाटतं. चहा टाकते.

तुमची,
अजून शिकायची राहिलेली,
सुशीला