गाठीपासून तीन बोटं

आई, तुझी वेणी मी जाळायला दिली. सगळी नव्हे, गाठीकडची तीन बोटं तेवढी. साठ वर्षांवर जपली, उंदरांपासून, वाळवीपासून, सुनांपासून, आणि शेवटी मीच कात्री घेऊन कापली नि नातीच्या हातात ठेवली. ती जाळून निघालेला धूर तिच्या तिकडच्या मशीनने तोलला म्हणे. निकाल घेऊन ती काल घरी आलीय. कागद तिच्या पिशवीत, पिशवी दारापुढच्या ओट्यावर, आमच्या तिण्णैवर, आम्हां दोघींच्या मध्ये, आणि मी तिला म्हटलं, आधी वही काढ. निकाल मागून. मला आधी माझ्या आईशी बोलायचंय. "आजी, ती जाऊन किती वर्षं झाली!" म्हणाली. म्हटलं, म्हणूनच तर धीर होतोय. समोर असती तर मान वर करून बोलले असते का मी?

मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊकच आहे, तुझ्यादेखतच नाही आलं. ही पोर लिहितेय. ती समुद्राकाठच्या लांबच्या शहरात शिकते, तिथल्या मैत्रिणींकडून नागरी अक्षरं शिकून आली. आपली कुंभकोणची मराठी ऐकून त्या मुली हसतात म्हणे, तू नाटकातून आलीस का विचारतात. म्हणून मी बोलते तसं ती लिहीत नाही, इस्त्री करून लिहिते. तेव्हा ह्यात कुठे माझा आवाज ओळखू आला नाही, तर दोष तिचा. "हेही लिहू?" विचारतेय. लिही, प्रोफेसरीणबाई, लिही.

तिचं काम सांगते, नाहीतर वेणी का जाळली ते कळायचं नाही. समुद्रात कोण कोणाला खातं, हे ती शोधते. मी म्हटलं, आपल्या गल्लीत कोण कोणाला खातं ते मी इथे बसून सांगते, त्याला बोट कशाला हवी? पण तिची रीत निराळी. माशाचा तुकडा घेते, वाळवते, कुटते, मुगाच्या डाळीएवढ्या कथलाच्या वाटीत घालून मशीनमध्ये जाळते. त्या धुरात एकाच वस्तूचे हलके कण असतात, तसे जडही असतात, सख्ख्या भावंडांसारखे. त्यांना आयसोटोप म्हणतात. जो खातो त्याच्या अंगात जड भावंडं थोडी जास्त साठतात. समुद्रातल्या शेवाळात कमी, शेवाळ खाणाऱ्या कोळंबीत जास्त, कोळंबी खाणाऱ्यात त्याहून जास्त. मासा कितव्या पायरीवर बसलाय ते असं कळतं. दुसऱ्या एका वस्तूवरून कळतं की जेवण समुद्राचं की जमिनीचं. आणि माशाची चरबी पाहिली की कुठल्या जातीच्या शेवाळापासून हे सगळं ताट सुरू झालं, तेही कळतं. आपली कावेरीसुद्धा तिच्या कामात आहे. पापनाशमच्या शेतातलं खत, गावाचं सांडपाणी, सगळं नदी नेते, त्याच्यावर समुद्रात शेवाळ माजतं, तिथून मासे. घाटावर बाटल्या भरत होती तेव्हा मी म्हटलं, ह्याच पायरीवरून माझ्या आईच्या अस्थी सोडल्या. मीच हिशोब केला. आपण जन्मभर माशाला शिवलो नाही, माशांनी मात्र आपल्याला सोडलं नाही.

गेल्या सुट्टीत तिने माझा एक केस उपटून नेला, मशीनचा सराव व्हावा म्हणून. मशीन म्हणालं, ही बाई दहीभात खाते. एवढं मला विचारलं असतं तर! पण मग ती सहज बोलून गेली, की केस महिन्याला सुमारे अर्धं बोट वाढतो, आणि ज्या महिन्यात जे खाल्लं ते त्या अर्ध्या बोटात बसून राहतं, शंभर वर्षं राहतं. माझ्या हातातली सुपारी हातातच राहिली, आई. आत गेले आणि ट्रंकेच्या तळाची, तुझ्या वेणीची पिशवी काढून आणली.

आता त्या वर्षाचं. मी अकरा-बारा वर्षांची. बाबा भजनीमंडळाबरोबर गावोगाव, घरी आले तरी खोकल्याने आडवे. स्वयंपाकघर आत्याच्या हातात. तांदळाचं माप तीच काढते, वाढतेही तीच, आधी विठ्ठलाला, मग बाबांना, मग आम्हां पोरांना. तू शेवटी. तू ताट घेऊन बसलेली मला दिसतच नाहीस. विचारलं तर म्हणायचीस, "मी मघाशीच जेवले." दुपारी सगळी निजली की तू मागच्या दाराने जायचीस, सांगायचीस की देवळात वाती वळायला जाते. येताना पदराच्या गाठीत तांदळाच्या कण्या असायच्या. त्यांची पेज संध्याकाळी आम्हां तिघा भावंडांना द्यायचीस. देवळातून मिळाल्या म्हणायचीस. खरं वाटायचं. पोट भरलं की सगळंच खरं वाटतं.

दिवाळीचे दिवस. तू माझे केस विंचरतेयस. माझे केस म्हणजे उंदराचं शेपूट, तुझा हात त्यावरून फिरतोय आणि मला वास येतो. खारट, उग्र. करुवाडूचा. सुक्या माशाच्या टोपल्या घेऊन बायका गल्लीतून गेल्या की आत्या दार लावून घ्यायची, तोच वास. मी तुझा हात धरला, हुंगला. तू सोडवून घेतलास. मी उठले, अर्धी वेणी तशीच, आणि तिण्णैवर आत्या चार बायकांत बसली होती तिथे जाऊन म्हटलं, "आत्या, आई मासे खाते."

आत्याने आरडाओरडा केला नाही. आत आली, तुझं ताट उचललं आणि गोठ्याच्या भिंतीपाशी नेऊन ठेवलं. "आजपासून इथे," म्हणाली. "माझ्या विठ्ठलाला तुझ्या हातचं नको. आणि मागच्या दाराला आता कुलूप." बाबा खोकत राहिले. तू काहीच बोलली नाहीस. एकदा सांग ना, नाही खाल्ला म्हणून! मी दाराआड उभी होते, वाट पाहत होते. संध्याकाळी माझी अर्धी राहिलेली वेणी तू पुरी केलीस आणि एवढंच म्हणालीस, "हात हुंगलास. तोंड हुंगायचं होतंस."

त्यानंतर पेज बंद झाली. कण्यांचं कोणी नाव काढलं नाही. गोठ्यापाशी तुझ्या ताटात काय पडत होतं ते मी पाहायला गेले नाही. फाल्गुनात तुला ताप भरला. केसांचा गुंता झाला म्हणून आत्याने वेणी मुळापासून कापली, लाल दोऱ्याची गाठ मारून ठेवली. आठव्या दिवशी तू गेलीस. पुढे माझ्या लग्नात आत्यानेच तीच वेणी माझ्या शेपटाला गंगावन म्हणून जोडली, वर मोगरा. माझा नवरा जन्मभर म्हणायचा, तुझे केस पाहून हो म्हटलं. म्हणजे त्याने लग्न कोणाशी केलं ते तूच बघ. मी हसायचे. त्या दिवशी तुझे केस पाठीवर असे जड लागत होते की मला मान वळवता येत नव्हती.

पोर लिहायची थांबलीय. काय झालं गं? "काही नाही, पेन अडतंय." अडू दे. पुढचं लिही.

मला दोन लेकरं झाल्यावर दारासुरमच्या बसमध्ये त्या टोपलीवाल्या बायकांतली एक करुवाडूवाली भेटली. म्हातारी झाली होती. टोपली रिकामी होती तरी लोक सरकून बसत होते. मला निरखून म्हणाली, "तू तिचीच ना? तुझी आई माझ्याकडे नेत्तिली निवडायची. एवढेसे बारीक मासे, त्यातली वाळू काढायची. हात चलाख होता. मी कण्या द्यायचे." एवढ्यात तिचा थांबा आला. खाल्लं का गं तिने तुझ्याकडे कधी काही, एवढं विचारायचं होतं. ती उतरेपर्यंत माझं तोंड उघडलं नाही. पुढे तीही वारली.

तेव्हापासून मी हेच म्हणत आलेय, आई, आणि आज विठ्ठलासमोर नाही, तुझ्यासमोर म्हणते. तू मासा खाल्लेला असू दे. ज्या गोष्टीसाठी मी तुला गोठ्यापाशी बसवलं तीच खरी निघू दे. त्या बाईने आग्रह केला असेल. दुपारची वेळ, चुलीवर कालवण, गरम भात. तू इकडेतिकडे पाहून एक घास घेतला असशील. रोज घेत असशील. दाराला कुलूप लागल्यावरही तू भिंत ओलांडून जात असशील, चोरून, पोटभर, काटे चोखून खात असशील. आमच्या घराण्याचं सोवळं गेलं कावेरीत. पाप असलं तर विठ्ठलाने माझ्या नावावर लिहावं. मला फक्त मासा हवाय. एक नेत्तिली. त्या तीन बोटांत कुठेतरी.

पोरीने आधी वेणीच्या टोकाचे चार केस तेवढे नेले होते. मशीन म्हणालं, भात, डाळ, ताक, समुद्र नाही. बरोबरच, ती तर जुनी वर्षं. म्हणाली, शेवटचे महिने गाठीपाशी असतात. मी नाही म्हटलं. दोन दिवस जेवले नाही. मग कात्री घेतली. ती म्हणाली, "आजी, एक लक्षात ठेव. जड कण मासा खाल्ला तरी वाढतात आणि उपाशी राहिलं तरी वाढतात. उपाशी शरीर स्वतःलाच खातं." म्हणजे माणूस स्वतःच्याच डोक्यावर पाय देऊन एक पायरी वर चढतो. "मग मासा की उपास, हे कशावरून?" "दुसऱ्या रेघेवरून. तीही वर गेली तर समुद्र. सपाट राहिली तर..." पुढचा शब्द मी मनात पुरा केला, उपास.

आता सांग म्हटलं तिला. काढ तो कागद.

कागद मला काय कळणार? म्हणून ती आत जाऊन कोलमच्या, रांगोळीच्या पिठाचा डबा घेऊन आली. तिण्णैवर सहा ठिपके घातले, अर्ध्या अर्ध्या बोटाचे, एकेका महिन्याचे. उजवीकडे गाठ. अक्षर मला येत नाही, पण पिठाची रेघ मी जन्मभर वाचत आलेय. आधी तिने खालची रेघ ओढली, समुद्राची. पहिल्या ठिपक्यापासून गाठीपर्यंत उंबरठ्यासारखी सरळ. मी म्हटलं, हात हलला असेल तुझा, पुन्हा काढ. तिने पुन्हा काढली. सरळच. "घरात नाचणी, बाजरी काही होतं का? असल्या धान्यात मासा लपतो," तिने विचारलं. नव्हतं, भाताचाच मुलूख आमचा. मग वरची रेघ, पायरीची. पहिल्या ठिपक्याशी ती निवांत होती. तेव्हा तू करुवाडू निवडायला जात होतीस, कण्यांची पेज करत होतीस, त्यातले चार घोट तुझ्याही वाट्याला येत असणार. दुसऱ्या ठिपक्यापासून रेघ चढायला लागली. तिसरा, चौथा, चढतेच आहे. गाठीपाशी पिठाची चिमूट संपली.

"तापातही असं होतं, आजी," पोर घाईने म्हणाली. मला समजावतेय. म्हटलं, बाई गं, ताप आठ दिवसांचा. आठ दिवसांत केस किती वाढतो? तूच शिकवलंस. मी गाठीकडून ठिपके मोजत मागे गेले. फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष, कार्तिक. दुसऱ्या ठिपक्यावर बोट टेकलं. दिवाळी. मशीनला तो दिवस माहीत नव्हता. तो मला माहीत होता.

कोलम पुसायला माझा हात उचलेना. मग पोर म्हणाली, "पत्राचं काय करू? घाटावर जाऊन कावेरीत सोडू?" नको. नदी नेईल समुद्रात, मासे खातील, आणि पुढच्या वर्षी तू तेच मासे जाळून वाचत बसशील. राहिलेल्या वेणीच्या पिशवीत ठेव. मी गेले की दोन्ही माझ्याबरोबर घाला.

आणखी एक ओळ आहे. "लिहू ना?" लिही, आणि इस्त्री करू नकोस.

आई, मी आत्याला सांगितलं ते तुला पाप लागेल म्हणून नव्हे. त्या दिवशी मला भूक लागली होती, त्या वासाने तोंडाला पाणी सुटलं होतं, आणि मला वाटलं, तू मला सोडून एकटीच खातेस.