डावीकडची खुर्ची

शनिवार, ११ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

नमस्कार. पाठ आता कशी आहे? त्या दिवशी सभागृहात पंख्याचा वारा लागून धरली म्हणालात, त्यानंतर मी विचारलंच नाही. आता प्रचारात उघड्या गाडीत उभ्या राहताय, चार-चार जिने चढताय, त्यावरून बरी असावी असं धरते.

इकडे सगळं ठीक. ऑफिसातली माझी खोली रिकामी करणं चाललंय. मानपत्रं आणि शिल्डं शिपायाने खोक्यात भरली आणि विचारलं, "बाई, हे घरी पाठवू की भंगारात?" बिचाऱ्याने सरळ मनाने विचारलं. मी म्हटलं, अजून ठरलं नाही. खिडकीतल्या कुंड्या मात्र त्याला देऊन टाकल्या. इतकी वर्षं पाणी त्यानेच घातलं, नाव माझं झालं.

तुमचा निरोप मिळाला. उद्या संध्याकाळी तुमची शेवटची प्रचारसभा, मी व्यासपीठावर तुमच्या शेजारी बसावं, दोन शब्द बोलावेत आणि तुमचा हात धरून वर करावा. ड्रायव्हर म्हणाला, "ताईंनी बजावलंय, वहिनींना घेऊनच या." मी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, उत्तर लिहून पाठवते. फोनवर मला जमलं नसतं. तुम्ही गोड बोलायचं आणि मी विरघळायचं, ही आपली जुनी रीत.

आज सामान आवरताना पहिल्या निवडणुकीचं पोस्टर सापडलं. किती घाबरलेली दिसते मी त्यात. हे गेले आणि पक्षाच्या थोरल्यांना त्यांची जागा चालवायला घरातलंच माणूस हवं होतं. खरं तर वॉर्डातली गटारं, नळ, शेजाऱ्यांची भांडणं सगळं तुम्ही निस्तरत होता. मी आपली शाळेत नद्या आणि डोंगर शिकवत होते. पण थोरल्यांना पोस्टरवर बायको हवी होती, बहीण नको. तुम्ही तेव्हा एका शब्दाने कुरकुरला नाहीत. उलट माझ्याकडून भाषण घोटून घेतलंत. "वहिनी, कागदात बघू नका, तिसऱ्या रांगेतल्या बाईकडे बघा." मी वर्षानुवर्षं तिसऱ्या रांगेतल्या बाईकडे बघून निवडून येत गेले. नगराध्यक्ष झाले तेव्हा पहिला पेढा... नाही, पेढा नव्हता, घाईत बिस्किटच होतं, ते मी तुमच्या तोंडात घातलं.

आणि माझा डावा कान.

त्यातून मला काही ऐकू येत नाही हे दोघींनाच माहीत होतं, मला आणि तुम्हाला. कुणी विचारलंच तर लहानपणच्या तापाने गेला, असं सांगायचं ठरलं होतं. पण कुणी विचारलं नाही, कारण तुम्ही ती वेळच येऊ दिली नाहीत. प्रत्येक बैठकीत माझ्या डावीकडची खुर्ची तुमची. त्या बाजूने कुणी बोलायला लागलं की तुमचं कोपर माझ्या कोपराला लागायचं आणि मी वळायचे. लोक म्हणायचे, बाई किती आपुलकीने, अख्ख्या वळून ऐकतात. आपण परत येताना गाडीत पोट धरून हसायचो. आणि वळूनही वाक्य सुटलं तर काय करायचं, तेही तुम्हीच शिकवलंत. "हसा आणि मान हलवा, वहिनी. लोकांना पुढाऱ्याचं हसू पुरतं."

त्या दिवशीची सभा तुम्हाला सांगायला नको, तरी लिहिते. माझ्या मनात ती रोज भरते, एकदा कागदावर उतरू दे.

खालच्या वस्तीतला बाळंतपणाचा दवाखाना. बाकीची सगळी कारकीर्द एका पारड्यात टाकली तरी त्या दवाखान्याचंच पारडं जड होतं. तो नव्हता तेव्हा बायका चढ चढून मोठ्या इस्पितळात जायच्या आणि काही वाटेतच बाळंत व्हायच्या. त्या जागेवर गाड्या लावायची चार मजली इमारत उठवायचा घाट विरोधकांनी घातला, तेव्हा मी भर चौकात बोलले होते, मी खुर्चीत आहे तोवर इथली वीट हलणार नाही.

त्या सभेत तुम्ही पाठीचं कारण सांगून माझ्या उजवीकडे बसलात. मीच उठून तुमच्या पाठीला उशी दिली.

विरोधकांचे वकीलसाहेब एरवी समोर उभं राहून, बोट नाचवत, छत दणाणेल असं बोलणार. त्या दिवशी ते कागद घेऊन माझ्या डाव्या अंगाला आले, वाकले आणि हळू, अगदी घरगुती आवाजात काहीतरी विचारलं. मला फक्त त्यांच्या चष्म्याची काडी दिसली. मी तुमच्या कोपराची वाट पाहिली. ते हललं नाही. म्हटलं, किरकोळ असणार, महत्त्वाचं असतं तर वन्सं गप्प बसत्या का? मी हसले आणि मान हलवली.

"दवाखाना दुसरीकडे हलवायला अध्यक्षांची हरकत नाही, असं धरू ना?" असं त्यांनी विचारलं होतं. माइकने त्यांचा आवाज पकडला, कॅमेऱ्याने माझं हसू पकडलं. अध्यक्षांची हरकत नाही, सबब मतदान न घेता ठराव मंजूर.

संध्याकाळपर्यंत ते हसू गावातल्या प्रत्येक फोनवर पोचलं. वस्तीतल्या बायका दारात आल्या. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. दवाखान्यातली मोठी नर्स पुढे आली आणि म्हणाली, "बाई, विकायचंच होतं तर रडत तरी विकायचं. हसलात कशाला?" माझ्याकडे उत्तर होतं आणि मला ते देता येईना. मी दार लावून घेतलं. थोरल्यांनी माझं तिकीट कापून तुमच्या हाती दिलं, तेव्हा तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसून रडलात. डोळे मीच पुसले तुमचे.

खरं सांगते, परवापर्यंत माझ्या मनात तुमच्याबद्दल तीळभर शंका नव्हती. पाठ दुखत होती, लक्ष नसेल. माणूस आहे, चुकतं.

परवा निरोपाचा चहा झाला. तुम्ही प्रचारात होता. मी खिडकीपाशी कप घेऊन उभी होते. वकीलसाहेब माझ्या डावीकडून येत होते, मध्येच थांबले, लांब टेबलाला वळसा घातला, दोन खुर्च्या सरकवल्या, माझ्या उजवीकडे येऊन उभे राहिले आणि मग म्हणाले, "बाई, राजकारण राजकारणाच्या जागी. तब्येतीला जपा."

मी कप खिडकीत ठेवला. मी विचारलं, "वकीलसाहेब, एवढा वळसा घालून इकडून का आलात?"

कोर्ट गाजवणारा माणूस, पण चष्मा काढून पुसायला लागला. चेहरा उतरला. भला आहे तसा, माझ्याशी नीट वागायला गेला आणि त्यातच सापडला. शेवटी एवढंच म्हणाला, "ते तुम्ही घरी विचारा."

माझ्या आईलाही हे ठाऊक नव्हतं, वन्सं. ती जाईपर्यंत माझ्या डाव्या कानात कुजबुजायची आणि मी हसून मान हलवायचे. मग वकीलसाहेबांना कुणी सांगितलं? पाठीची उशी आठवली. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी आजवर नुसतं ऐकलं होतं.

मला फार लागलंय. खुर्ची गेली त्याचं नाही. नुसतं म्हणाला असतात, "वहिनी, पुष्कळ झालं, आता माझी पाळी," तर मी उठले असते. थोरल्यांशी भांडून तुम्हाला बसवलं असतं. तुमचा हक्क पहिला होता, हे मला कधीच कळत नव्हतं असं समजू नका. पण तुम्ही माझ्याकडे मागितलं नाहीत. वकीलसाहेबांकडे गेलात, आणि जाताना माझा कान घेऊन गेलात. वर दवाखानाही त्यात घातलात.

आणि आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू?

ताप नव्हता. तुम्ही त्या खोलीत होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, जेवण वाढायला उशीर झाला आणि तुमच्या भावाने हात उचलला. एकच फटका, पण कानावर बसला. माझ्या गालाला ओलं फडकं तुम्ही लावलंत. रात्रभर ते बदलत बसलात, तेही मी विसरले नाही. आणि तुम्ही म्हणालात, "ताप आला होता म्हणू या, वहिनी. घरातली गोष्ट घरात." मी त्याला माया समजले. कदाचित थोडी होतीही. पण आज कळतंय, तुम्ही जन्मभर डावीकडे बसलात ती माझी लाज राखायला नव्हे, भावाची राखायला. तुमच्या पोस्टरवर मागे त्यांचा फोटो आहे, "त्यांचा वारसा" असं खाली लिहिलंय. कालच चौकात पाहिलं.

तुमचा अंदाज पक्का होता. वहिनी कानाचं बोलणार नाही. बोलली तर लोक विचारतील, कशाने गेला? आणि ते सांगायची तिची छाती नाही.

तर उद्याच्या सभेला मी येत नाही.

सोमवारी माझी शेवटची बैठक आहे. पहिला विषय, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे. ते एकदा कायम झालं की दवाखाना गेला. पण त्याआधी अध्यक्षाला उठून म्हणता येतं की ही नोंद चुकीची आहे. हा नियम पहिल्या वर्षी तुम्हीच माझ्याकडून पाठ करून घेतला होता. मी उठणार आहे. म्हणणार आहे, मला प्रश्न ऐकू आला नव्हता, मी संमती दिलेली नाही, माझा डावा कान बहिरा आहे. मग मी आजवर हलवलेली प्रत्येक मान उकरून काढतील. तेव्हा तरी ऐकलं होतंत का, बाई? अमक्या ठरावाला, तमक्या बैठकीत? इतक्या वर्षांच्या कामाची माती होईल. होऊ दे. दवाखाना राहील.

कशाने गेला, असं विचारतील. सांगेन.

बुधवारी मतदान आहे हे मला माहीत आहे. त्याचं काय व्हायचं ते होईल. तुमचं नाव मी घेणार नाही. कॅमेऱ्यात माझ्या उजवीकडे कोण बसलं होतं ते सगळ्यांना दिसतंच आहे.

काल कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी तपासलं आणि विचारलं, "इतकी वर्षं सार्वजनिक कामात काढलीत कशी?" मी म्हटलं, शेजारी माणूस होतं. आणि तिथे, त्या परक्या खोलीत, मला रडू आलं.

तिथून थेट दवाखान्यात गेले आणि मोठ्या नर्सला सगळं सांगितलं, तापासकट. तिने हात पुसले आणि स्टूल ओढून माझ्या डावीकडे बसली. मग एवढंच विचारलं, "कोपर कसं लावायचं, ते दाखवा." सोमवारी माझ्या डावीकडे ती बसेल.

तुम्हाला यावंसं वाटलं तर या. उजवीकडची खुर्ची ठेवली आहे, उशीही तिथेच आहे. पाठीला जपा.

तुम्हीच हसायला शिकवलेली,
वहिनी