चारमिनारपासून चार पावलं

अप्पा,

तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते. आता बी.एस्सी. झाले आहे, आपल्या घरातली पहिली, आणि मागच्या आठवड्यात आईला घेऊन हैदराबाद बघून आले.

तुम्ही मोसंबीच्या गाडीवर हमाल म्हणून तिकडे जायचात. परत आलात की चुलीपुढे बसून सांगत राहायचात, चारमिनारवर चढलं की समोर गोवळकोंडा, मधे चार पावलांचं अंतर. ताटातली भाकरी गार व्हायची. एकदा माझ्यासाठी लाखेच्या बांगड्या आणल्यात. थेट चारमिनारखालच्या गल्लीतल्या, म्हणालात.

त्याच शहरात मला नोकरी मिळते आहे, बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत. खोट्या बियाण्यापायी कुणाचा हंगाम वाया जाऊ नये, एवढं तरी माझ्या हातून व्हावं असं फार वाटतं. आई मात्र एकच धरून बसली होती. "तिथं कोण हाय आपलं? आन् मी इथं काय भिंतीशी बोलू?" शेवटी मी म्हणाले, आधी शहर तर बघ, मग न्हाई म्हण.

सकाळी काचीगुडा स्टेशनवर उतरून आम्ही चारमिनार पाहिला. मग मी म्हणाले, चल, गोवळकोंड्याला चालतच जाऊ. रिक्षावाल्याला वाट विचारली तर तो हसायलाच लागला. "पैदल? अम्मा को लेके? शाम हो जाती, बहन!" मी त्याच्याशी वाद घातला, अप्पा. माझे वडील इथं कितीदा येऊन गेलेत, म्हणाले. आईनं दंडाला धरून मला रिक्षात बसवलं आणि बरंच पुढं गेल्यावर हळूच बोलली, "तुझ्या अप्पांनी तरी कुठं बघितलं? माल उतरला की त्याच गाडीनं वापस. बाजाराच्या फाटकाबाहेर पाय न्हाई टाकला कधी. बांगड्या आपल्या जुन्या जालन्यातल्या होत्या."

"मंग तू बोलली का न्हाईस?"

"कशाला बोलू? सांगताना किती खुश असायचे."

मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ज्यानं फक्त फळबाजार पाहिला त्यानं माझ्या डोक्यात अख्खं शहर वसवलं, असंच रस्ताभर मनात येत राहिलं.

आईचे गुडघे दुखतात, म्हणून ती किल्ल्याच्या दाराशी सावलीत बसली आणि मी चढायला लागले. अर्ध्या वाटेवरून वळून पाहते तर गर्दीत तिचं हिरवं लुगडं दिसेना. मी पळतच खाली आले. ती तिथंच आहे, शेजारच्या बाईला शेंगदाणे देऊन मोडक्या हिंदीत आमच्या म्हशीचं वर्णन करते आहे.

"इतक्या जल्दी कशी आलीस?"

"तू दिसेनास."

"मी काय हरपून राह्यले का? माझ्यापायी अर्ध्यातून वापस येतीस व्हय?" मग माझ्या हातावर शेंगदाणे ठेवत म्हणाली, "नोकरीतून बी अशीच येशील? तसं असंल तर जाऊच नको. जायचं तर बराबर जा. म्हशीचं आन् माझं मी बघते."

पुढच्या महिन्यात मी रुजू होते आहे.

हे पत्र वहीतच राहील. आईला वाचता येत नाही, म्हणून इथं लिहून टाकते. त्या दिवशी किल्ल्याच्या दाराशी तिनं मला पुन्हा वर जायला सांगितलं, तेव्हा मी पाय दुखतात म्हणाले आणि तिच्याशेजारी बसले. पाय मुळीच दुखत नव्हते, अप्पा.