चार बाटल्यांचे परीक्षक आणि पुनमची सोयरीक

नांदेड, सोमवार

चि. सिद्धराम यास,

अक्काचा आशीर्वाद. तुझी कंबर आता कशी आहे? भावजयीचं दाताचं काम उरकलं का? आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खुशाल आहोत, पण तुझ्यामुळं नव्हे. तुझ्या हातून वाचलो म्हणून.

तू पुण्यात बिअरची परीक्षा करायला शिकलास, ठीक आहे. माणसं काय काय शिकतात. पण लेबलं खरवडून, नंबर चिकटवून, बर्फाच्या डब्यात घालून चार बाटल्या थेट माझ्या घरी कशाला पाठवल्यास? वर चिठ्ठी की, दाजी, सामान्य माणसाचं मत पाहिजे. अरे, तुझ्या दाजींना बँकेत तीस-पस्तीस वर्षांत कुणी मत विचारलं नाही (घरातही विचारत नाही). ती चिठ्ठी त्यांनी देवघराशेजारी टाचून ठेवली. 'चेक पद्धतीची पिल्सनर' (ही बिअरचीच एक जात म्हणे) एवढं वाचून कॅशियरच्या पिंजऱ्यात जन्म गेलेल्या या माणसाला आधी वाटलं की चेक वटवायचं काही काम आहे. मग शेजारचे गुरुबसप्पा आले. ते भूगोलाचे रिटायर मास्तर. त्यांनी नकाशा उघडून चेक लोकांचा देश बोटानं दाखवला, आणि तेवढ्या विद्वत्तेवर दुसरे परीक्षक म्हणून नेमले गेले.

मागच्या रविवारी हा न्यायनिवाडा ठरला. सकाळपासून घरात फोडणी बंद. उदबत्ती बंद. मी डोक्याला तेल लावलं तर हे म्हणाले, वास येतो, जरा मागच्या दारी बस. रविवारी वरणाला फोडणी नाही म्हणजे आमच्याकडं सुतक असल्यासारखं. काचेच्या ग्लासाला साबणाचा अंश राहिला की फेस बसतो म्हणे, म्हणून हे स्वतः मोरीत उकिडवे बसून ग्लास विसळत होते. लग्न झाल्यापासून या माणसानं स्वतःची कपबशी विसळली नाही. मला वाटलं, आता मरण आलं तरी चालेल, हेही बघून झालं.

मग दोघं खिडकीशी बसले. आधी म्हणे रंग बघायचा. यांनी ग्लास उजेडात धरून पुष्कळ विचार केला आणि लिहिलं, सोनेरी. गुरुबसप्पा म्हणाले, पितळी. त्यावरून वाद. मग वास. एकाला ताज्या पावाचा आला, दुसऱ्याला नव्या पोत्याचा. त्यात हॉप्स नावाचं कडू फूल घालतात, तर तो कडूपणा चटकन यावा आणि चटकन जावा, रेंगाळू नये, असं हे मला समजावून सांगत होते (माझ्या सासूबाईंचा चांगला बावीस वर्षं रेंगाळला, तेव्हा कुणी मार्क कापले नाहीत). दोन घोटांच्या मधे कोरा पाव चावायचा. मी ठेवलेल्या चिवड्याला हात लावला नाही, म्हणे जीभ बिघडते. पहिल्या बाटलीला 'अंग पातळ' असा शेरा पडला. शेरा देणाऱ्याचं अंग बघितलंस तर हसशील.

आणि अशात फाटक वाजलं. दारात जळकोटचे नागोराव आणि लक्ष्मीबाई.

तुला माहीत आहे, आपल्या पुनमचं त्यांच्या शिवमशी बोलणं चालू आहे. शिवम लातूरला कॉलेजात शिकवतो, सरळ पोरगा आहे. दोघं एकमेकांना भेटलेत. पुनमला तो मनापासून आवडलाय. तोंडानं बोलत नाही, पण फोन वाजला की औषधाच्या दुकानातलं गिऱ्हाईक सोडून बाहेर येते, असं तिची मैत्रीणच सांगते. अडलं होतं ते नागोरावांच्या होकारापाशी. आणि नागोराव कोण, तर गावातल्या बायकांचं मतदान लावून बाटली आडवी करून घेतलेला, दारूचं दुकान बंद पाडलेला माणूस. दारूबंदी समितीचे अध्यक्ष. नांदेडला कुणाच्या तरी बारशाला आले होते, म्हणाले, जाता जाता मुलीचं घर बघू.

नागोराव खुर्चीत बसले, चारही ग्लासांकडं बघितलं आणि म्हणाले, "काय पिऊन राहिले पाव्हणे?"

तुझ्या दाजींची अक्कल ऐनवेळी कधीच चालत नाही. त्या दिवशी चालली, हे आणखी वाईट. म्हणाले, "जवाचं पाणी हाय. मूतखड्याला लई चांगलं."

गुरुबसप्पांनी लगेच पोटावर हात ठेवला. म्हणाले, "मला दोन खडे हायत." (एकही नाही. असलाच तर डोक्यात आहे.)

"मलाबी हाय," म्हणून नागोरावांनी हात पुढं केला आणि यांनी, अरे सिद्धराम, यांनी खरोखर भरलेला ग्लास त्या हातात दिला. मी दारात उभी. ओरडावं तर सोयरीक मोडते, गप्प बसावं तर त्या माणसाचं व्रत मोडतं.

तेवढ्यात पुनम पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिनं एकदा ग्लासाकडं बघितलं, एकदा बापाकडं. मग शांतपणे म्हणाली, "काका, पिऊ नका. ती बिअर हाय. बाबा आणि मास्तर तिला मार्क देऊन राहिले."

फेस बसायचा आवाज येतो हे मला त्या दिवशी कळलं. पुनमची नजर खाली नव्हती. त्या घटकेला मला तिच्या दोन थोबाडीत द्याव्या वाटल्या आणि तिला पोटाशीही धरावं वाटलं.

नागोरावांनी ग्लास टिपॉयवर ठेवला. बाटली उचलली, उलटसुलट बघितली आणि सवयीनं टेबलावर आडवी केली. तर हे काय म्हणाले असतील? म्हणाले, "उभी ठेवा, पाव्हणे. फेस जातो."

लक्ष्मीबाईंनी पदर तोंडाला लावला. नागोराव उठले, चहासुद्धा न घेता गेले. पुनम स्वयंपाकघरात जाऊन न रडता भांडी घासत बसली, आणि आमचे परीक्षक? दुसऱ्या बाटलीपासूनचे मार्क राहिले होते, ते पूर्ण केले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. आज सकाळी लक्ष्मीबाईंचा फोन आला. नागोराव घरी गेल्यावर एवढंच म्हणाले की, बाप खोटं बोलत असताना, आपलं लग्न मोडायची भीती असताना, जी पोरगी परक्या माणसाला वाचवते ती आपल्या घरात यावी. साखरपुडा पुढच्या महिन्यात आहे. अट एकच, लग्नात कुठं थेंब दिसता कामा नये. हे 'हो' म्हणाले, पण तोंड असं केलं की जणू पुनमला नव्हे, यांनाच सासरी धाडायचंय.

तर मामा म्हणून दोन दिवस आधी ये. हात हलवत ये. येताना काही आणू नकोस.

तुझी,
सिंधुअक्का

ता. क. गुणपत्रिका सोबत आहे. तिसऱ्या बाटलीला यांनी 'लोण्याचा वास, नापास' असं लिहिलंय, त्याच्यावर जाऊ नकोस. उघडलेली बाटली फेकून कशी द्यायची म्हणून मी मागच्या दारी बसून बघितली. लोण्याचा वास आहेच, आणि तोच चांगला आहे. कडूपणा कोवळ्या कारल्याचा, शेवटी जरा गोड. चारांत तीच पहिली. यांना चव नाही, मार्क बदलून घे.

ता. क. दुसरा : काही आणू नकोस असं वर लिहिलंय ते पत्र हे वाचणार म्हणून. हे दोन्ही ता. क. वेगळ्या कागदावर आहेत. तिसऱ्या नंबरच्या दोन आण, साडीच्या घडीत गुंडाळून. एक मला. दुसरीबद्दल लक्ष्मीबाई फोनवर हळूच विचारत होत्या की, थंडच लागते का, की तशीही चालते.