‘फाइट’चं मराठी

७ जानेवारी २००८, सोमवार
इंग्रजी वादविवाद स्पर्धा ३१ ला, कल्याणला. विषय आला: इंटरनेटवर लोक जे लिहितात त्यावर सरकारचा ताबा असावा की नसावा. प्रिं. सरांनी बोलावून सांगितलं, "मुलं तुम्हीच तयार करा, मॅडम." तासिकेवरच्या, तासागणिक पैसे घेणाऱ्या बाईला नाही म्हणता येत नाही. मार्चमध्ये पुन्हा नेमणुकीची ऑर्डर निघायची असते.
ताबा असावा या बाजूनं निखिल. नसावा म्हणून प्रणाली, एस.वाय.ची, मानकोलीची. इंग्रजी मोडकं, पण तिला काहीतरी म्हणायचं असतं. वर्गात असं फारच थोड्यांचं असतं.

१० जाने., गुरुवार
फळ्यावर शब्द लिहून दिले. रेग्युलेट, सेन्सॉर, बॅन, डिफेम, इन्साइट म्हणजे चिथावणं. बाहेर कापडाच्या लूमची खडखड, ओरडून घसा बसला.
प्रणाली: "मॅडम, फ्री स्पीचमधलं फ्री म्हणजे फुकट का मोकळं?"
म्हटलं, मोकळं.
"आणि क्रिटिसाइज म्हणजे शिव्या देणं?"
"नाही. चूक दाखवणं. शिवी न देता."
तिनं ते वहीत मराठीतून लिहून घेतलं. निखिल पाठ करतो. ही विचारते. बरं वाटलं आज.

१६ जाने., बुधवार
तिनं भाषणासाठी गावातलं उदाहरण आणलंय. मानकोलीला खाडीच्या कडेला गोडाऊनसाठी भराव चाललाय. भरती आली की पाणी आता हिच्या आळीत शिरतं. भराव टाकणारे शेठ गावातलेच. ग्रामपंचायतीत अर्ज दिला, कुणी घेतला नाही.
"चालेल का मॅडम असलं?"
म्हटलं, उदाहरण जवळचंच असावं. शेठ आमच्या संस्थेच्या कमिटीवर आहेत हे तेव्हा डोक्यात आलं नाही. की आलं होतं आणि दुर्लक्ष केलं? आठवत नाही. खरंच.

१८ जाने., शुक्रवार
मुलं सायबर कॅफेत जाऊन गप्पा मारतात ती साईट, तिच्यावर कॉलेजच्या नावानं एक कम्युनिटी आहे. प्रणालीला तिथे खाडीबद्दल टाकायचंय. कागदावर लिहून आणलं. दहाएक ओळी. शेठचं नाव आहे, शिवी एकही नाही. स्पेलिंगं दुरुस्त केली. शेवटची ओळ होती, 'वी शुड फाइट हिम.' मी शुड खोडून मस्ट केलं. म्हटलं, शुड मिळमिळीत वाटतं.
खूश होऊन गेली.

२२ जाने., मंगळवार
प्रिं. सरांच्या टेबलावर त्याच ओळींचा प्रिंटआऊट. शेठनी पोलिसांत तक्रार दिलीय. बदनामी आणि धमकी.
"हे तुमच्या तयारीतलं का, मॅडम?"
"स्पर्धेची तयारी घेतली मी. हे तिनं तिचं टाकलंय."
मी एवढंच बोलले. मस्टचं बोलले नाही.

२३ जाने., बुधवार
पोलीस स्टेशन. प्रिं. सर बरोबर. मजकूर इंग्रजीत, साहेबांना फाइलला मराठी पाहिजे. इंग्रजीच्या बाई म्हणून मीच ते करायचं.
बाकी ओळी झाल्या. शेवटच्या ओळीला साहेब म्हणाले, "फाइट म्हणजे मारामारी. पिक्चरमध्ये असते ती."
म्हटलं, "इथे लढा द्यायचा असा अर्थ आहे. हक्कासाठी."
"हक्क कुठे लिहिलंय? दाखवा."
लिहिलेलं नव्हतं.
"डिक्शनरीत मारामारी आहे की नाही?"
"आहे, पण..."
"मग लिहा."
प्रिं. सर खोकले.  मी लिहिलं, 'आपण त्याला मारहाण केलीच पाहिजे.' ते 'च' मस्टचं. खाली सही, नाव, हुद्दा. अक्षर नेहमीसारखं चांगलं आलं.
घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "सुटलीस. आता त्यात पडू नकोस." मी जेवले. दोन पोळ्या, रोजच्यासारख्या.

२४ जाने.
काही नाही.

२८ जाने., सोमवार
प्रणालीला वडिलांसकट बोलावलं होतं. आधी पोलीस स्टेशन, मग कॉलेज. माफीनामा लिहून घेतला. स्पर्धेतून नाव काढलं. कॉलेजला 'सध्या' यायचं नाही. सध्या म्हणजे किती, कुणी विचारलं नाही. मीही.
वडील जिन्यात भेटले. सफेद शर्ट, हातात हिचं दप्तर. "मॅडम, आमाला इंग्रजी येत न्हाय. साहेबानं तुमचा कागद वाचून दाखीवला. माझी पोरगी मारामारीचं लिवंल, असं वाटतं तुमाला?"
 ते थांबले, मग उतरून गेले.

३१ जाने., गुरुवार
कल्याण. विरोधी बाजूला ऐनवेळी एका मुलीला उभं केलं, ती मधेच विसरली. निखिलला दुसरं बक्षीस. 'अनचेक्ड स्पीच इन्साइट्स व्हायलन्स' असं झकास म्हणाला, उच्चार अगदी स्वच्छ. उदाहरण आमच्याच कॉलेजचं दिलं, नाव न घेता. टाळ्या पडल्या. परीक्षकांनी माझं अभिनंदन केलं. मी थँक्यू म्हणाले.

३ फेब्रुवारी, रविवार
मानकोलीला गेले. ह्यांना सांगितलं नाही. नाक्यावर ट्रकांची रांग, धूळ. प्रणालीच्या दाराबाहेर बाकड्यावर शेठची दोन माणसं बसलेली. काही बोलत नाहीत, नुसती बसलेली असतात म्हणे, दिवसभर.
प्रणाली सुकलीय. आईनं चहा ठेवला आणि आत गेली.
"पडघ्याला मावशीकडे पाठवतायत मला. तिथे स्थळ बघितलंय."
"आणि बी.ए.?"
हसली. मग म्हणाली, "मॅडम, फाइटचा अर्थ तुम्हाला माहीत होता ना?"
"होता."
"मग?"
मी म्हटलं, घाबरले.
"मी पण घाबरले होते. टाकताना."
चहा तसाच राहिला. निघताना पाया पडायला वाकली. नको म्हणायला हवं होतं.

६ फेब्रु., बुधवार
तीन दिवस तोच एक अर्ज लिहितेय. 'माझ्या भाषांतरात चूक झाली असून...' फाडला. पुन्हा लिहिला.
ह्यांनी वाचला. "मार्चची ऑर्डर विसर मग." चिडून नाही, साधं. ते खरंच आहे.
"शेठ आपल्यालाही नारपोलीत राहू देणार नाहीत," असंही म्हणाले. ते खरं की खोटं कळत नाही. 

७ फेब्रु., गुरुवार
पोलीस स्टेशन, एकटी. साहेब नव्हते. टेबलावरच्या हवालदारानं अर्ज दोनदा वाचला.
"चूक झाली म्हणजे? तुम्हाला तेव्हा येत नव्हतं का?"
"येत होतं."
"येत असून तसं लिहिलं, तर ती चूक नाही ना मॅडम. ते खोटं. मग तसं स्पष्ट लिहून आणा. खोटं लिहून दिलं, असं. आणि त्याचं पुढे काय होतं तेही घरी विचारून या." वाईट माणूस नव्हता. पाणी दिलं त्यानं. अर्ज मात्र परत दिला.
वीस वर्षं मुलांना शब्दांतला फरक शिकवतेय. मला तो फरक हवालदारानं सांगितला.

८ फेब्रु., शुक्रवार
लिहिलं. 'मी समजून उमजून खोटा अर्थ लिहून दिला.' सही केली, अक्षर वेडंवाकडं. ह्यांनी वाचून कागद टेबलावर ठेवला आणि चपला घालून बाहेर गेले. अजून आले नाहीत.
पोलीस स्टेशनला फोन केला. साहेब मंगळवारी भेटतील, सकाळी अकराला.
प्रणालीच्या आईचाही फोन येऊन गेला. मंगळवारीच पाहुणे येतायत पडघ्याला, सकाळीच. "मॅडम, आता कायपण करू नका. पोरीचं जमतंय, जमू द्या."
मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.