गाणी गाळताना

३ मार्च, सकाळी
आजपासून रोज लिहिणार. राग कागदावर काढला की ब्लडप्रेशर उतरतं म्हणे. बघू.
शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीवर एफएमवाल्यांनी टॉवर ठोकलाय. आमच्या ॲम्ब्युलन्स कंट्रोल रूममध्ये ड्रायव्हर पत्ता सांगत असतो आणि मध्येच कुणीतरी बाई गायला लागते. ऑपरेटरबाईंनी तक्रारवहीत लिहिलं, ‘वायरलेस खराब.’ खराब? सव्वीस वर्षं मी सांभाळतोय तो! खराब आहे तो शेजार.

३ मार्च, दुपारी
साहेब म्हणाले, तयार फिल्टर मागवू, पंधरा दिवसांत येईल. मी जिवंत असताना? म्हटलं, चार दिवसांत स्वतः बनवतो. नव्या इंजिनिअरबाईंनी विचारलं, ट्यून कुठल्या यंत्रावर करणार? वय वर्षं चोवीस, आणि मला विचारतात! तळपायाची आग मस्तकात गेली.

४ मार्च
बायकोला फिल्टर समजावला. अँटेना म्हणजे सताड उघडं दार. एफएम, टीव्ही, पोलीस, मोबाइल, सगळे आत घुसतात. कॉइल हळू थरथरणाऱ्या लहरींना वाट देते आणि भरभर थरथरणाऱ्यांना अडवते. कपॅसिटरचं बरोबर उलटं. दोघांची नीट जोडी जमवली की ठरावीक फ्रिक्वेन्सीच आत येते, बाकीच्या बाहेर. मोबाइलमध्ये असे नखाहून लहान डझनभर फिल्टर असतात. ते नसते तर सगळे एकमेकांच्या बोलण्यात बोलले असते. ती म्हणाली, मग आपल्या घरात एक बसवा. म्हणजे काय, ते विचारलं नाही. चिडून झोपलो.

५ मार्च
मेहुणा प्लंबर आहे. त्याच्याकडून तांब्याचा जाड पाइप आणला. पाइपच्या आत रॉड, वर स्क्रू. इतक्या भरभर थरथरणाऱ्या लहरींसाठी पाइप आणि रॉड हेच कॉइल आणि कपॅसिटर. स्क्रू फिरवला की फ्रिक्वेन्सी सरकते. मेहुण्यानं विचारलं, पाणी कुठून बाहेर येणार? या माणसाला मी बहीण दिली नाही, त्याची केली, हेच नशीब.
पाइप वाकडा कापला गेला. करवतीचा दोष.

७ मार्च
चार दिवस झाले. फिल्टर झालाच असता, पण जोडायचं सोल्डर हलकं निघालं. हल्ली काहीच धड मिळत नाही. साहेबांनी चौकशी केली. सोमवारी नक्की, असं बाणेदारपणे सांगितलं.

९ मार्च, सकाळी ११.००
बसवला! ऐकायच्या अँटेनाची केबल फिल्टरमधून रिसीव्हरला. इंजिनिअरबाई मोजायचं यंत्र घेऊन दारात उभ्या. म्हटलं, न्या ते परत. माझा कान हाच मीटर. गाणं ऐकत स्क्रू फिरवत गेलो. गाणारी बाई बारीक झाली, मग कुजबुजली, मग गप्प. इतकी शांतता या खोलीत सव्वीस वर्षांत नव्हती.

९ मार्च, दुपारी १२.४०
ऑपरेटरबाई म्हणतात, चार नंबरची गाडी उत्तर देत नाही. म्हटलं, ड्रायव्हर जेवत असेल. त्या म्हणाल्या, एकही गाडी देत नाही. सगळे जेवत असतील. वेळच जेवणाची आहे. लोकांना शांतताही सोसत नाही.

९ मार्च, दुपारी १.३०
चार नंबरचा ड्रायव्हर स्वतः वर आला. शर्ट घामानं चिंब. गाडीत अडलेली बाई होती. कुठल्या हॉस्पिटलात जागा आहे, हे तो वायरलेसवर चाळीस मिनिटं विचारत होता. आमचं त्याला ऐकू येत होतं, त्याचं आम्हाला नाही. फोन सतत एंगेज, कारण बाकीच्या पाचही गाड्या फोनच करत होत्या. शेवटी चौकातच, नर्सच्या हातावर, मुलगी झाली. दोघी सुखरूप.
तो सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडला. मीही ओरडणार होतो. त्याऐवजी वळून फिल्टरची केबल काढली.

९ मार्च, संध्याकाळी
इंजिनिअरबाईंनी फिल्टरला यंत्र लावलं. पडद्यावर डोंगरासारखी रेघ आली. डोंगराखाली जे येतं, तेवढंच आत जातं. डोंगर देखणा होता, पण भलत्याच ठिकाणी, जिथे कुणीच बोलत नाही. मी गाणं अडवलं होतं, आणि सोबत आमच्या सहाही गाड्या.
त्या म्हणाल्या, काका, काम फार सुबक झालंय. त्यांनी हसायला हवं होतं. मग निदान भांडता आलं असतं.

१० मार्च
हॉस्पिटलात जाऊन आलो. मुलगी मुठी आवळून झोपली होती. तिच्या आईनं विचारलं, तुम्ही कोण? म्हटलं, ॲम्ब्युलन्सवाल्यांपैकीच. ती हात जोडून म्हणाली, तुमचे उपकार कसे फेडू? तडक निघालो. जिन्यात स्वतःलाच दोन शिव्या दिल्या.

११ मार्च
स्क्रू मीच फिरवला, इंजिनिअरबाई सांगतील तेवढाच. पाव फेरा. डोंगर जागेवर आला. फिल्टर परत जोडला. गाणं नाही, खरखर नाही. टेस्टसाठी चार नंबरला हाक मारली. ड्रायव्हरचा आवाज शेजारी बसल्यासारखा स्वच्छ आला. त्यानं विचारलं, सेटवर कोण? सांगितलं, टेक्निशियन.
तो म्हणाला, मग मी फोनच करतो.