उशी कुठल्या हद्दीत

प्लम फॉल्स, विस्कॉन्सिन
८ जुलै १९९१

चि. कर्स्टन हिस ऑर्विलआजोबांचे अ. आ. (टूसॉनच्या उन्हात वाटेतच सुकतील म्हणून दोन जास्तीचे पाठवले आहेत.)

तुझी आई नर्सिंगची परीक्षा आटोपून डिसेंबरात येणार आणि तोवर तू आमच्याकडे राहून सहावीत जाणार, हे ठरल्यापासून मी कामाला लागलो आहे. आपल्या गावच्या शाळामंडळात पाचवी ते आठवीच्या मिडल स्कूल दोन, एक टॅनरी रोड आणि दुसरी हॉफनर. घर ज्या हद्दीत, शाळा ती. एकदा नाव लागलं की आठवीपर्यंत बदल नाही.

म्हणून मंडळाच्या कचेरीत जाऊन ल्युडकेबाईंना नकाशा काढायला लावला. त्यांनी पट्टी ठेवली, चष्मा पुसला आणि पुन्हा पट्टी ठेवली. हद्दीची रेघ आपल्या घरातून जाते. त्यातही तुझ्यासाठी रंगवलेल्या खोलीच्या बरोबर मधून. बाईंनी नियमांची वही चाळून सांगितलं की मुलाची उशी रात्री ज्या हद्दीत असेल, ती त्याची शाळा. पंधरा ऑगस्टला त्या स्वतः उशी पाहायला येणार आहेत.

म्हणजे पलंग खिडकीकडे असला तर टॅनरी रोड, दाराकडे असला तर हॉफनर. मी तो खिडकीकडे लावला आहे. टॅनरी रोडची बस मी सव्वीस वर्षं चालवली, याचा इथे काही संबंध नाही. मी दोन्ही शाळांची निःपक्षपाती तुलना केली आहे. सुट्टी असली तरी सफाईवाल्या ड्वाइटने मला आत सोडलं. मासेमारीचा थर्मामीटर घेऊन मी पिण्याच्या पाण्याचे सगळे नळ तपासले. टॅनरी रोडचं पाणी चार अंशांनी जास्त थंड आहे. हॉफनरच्या जिममधला गुणफलक गेली सहा वर्षं ८८ वर अडकला आहे. शिवाय तिथे बस वळवायला जागा नाही, कचऱ्याच्या पेटीला वळसा घालून मागे घ्यावी लागते. अशा शाळेत मुलांना शिस्त कशी लागणार, तूच विचार कर.

आजीला या पत्राबद्दल सांगू नकोस. तुझा लोभ आहेच, तो खिडकीच्या बाजूला असू दे.

तुझे,
ऑर्विलआजोबा


प्लम फॉल्स
१० जुलै

माझ्या लाडक्या कर्स्टनला लोरेनआजीचे अ. आ. व एक पापी.

ह्यांनी तुला पत्र टाकल्याचं कळलं, कारण तिकीट माझ्या शिवणाच्या डब्यातलं नेलं. पत्रात काय असेल तेही ठाऊक आहे. नळ तपासताना हे प्रत्येक नळाचं पाणी पीत गेले आणि दोन दिवस पोट धरून बसले होते, हे मात्र लिहिलं नसेल.

आता खरं ऐक. हॉफनरच्या जेवणघरात मी एकोणीस वर्षं वाढलं आहे. आम्ही पाव पहाटे उठून भट्टीत भाजायचो. टॅनरी रोडला पाव पिशवीतून निघतो. माणसाची परीक्षा पावावर होत नाही असं हे म्हणतात, पण जेवताना तीन खातात. आणि गुणफलकाचं म्हणशील तर ८८ हा काही वाईट आकडा नाही.

तुझ्या पलंगाला चाकं आहेत. हे दुपारी डुलकी काढतात तेव्हा मी तो दाराकडे ढकलते. मी वाणसामान आणायला गेले की तो पुन्हा खिडकीपाशी जातो. गालिच्यावर आता पायवाट पडली आहे. काल आम्ही दोघं एकाच वेळी खोलीत शिरलो आणि दोघांनीही पडदे बघायला आलो असं सांगितलं. सत्तरीला टेकलेला माणूस पडदे बघतो म्हणे.

माया करतेसच, ती दाराच्या बाजूने थोडी वाढव.

तुझी,
आजी


टूसॉन, ॲरिझोना
१९ जुलै

ती. आजोबा आणि ती. आजी यांना सा. न. वि. वि. (नमस्कार एकाच पाकिटात आहेत, भांडू नका.)

दोघांची पत्रं मिळाली. आई वाचून इतकी हसली की तिच्या शरीरशास्त्राच्या पुस्तकावर कॉफी सांडली. आता मूत्रपिंडाचा सगळा धडा तपकिरी झाला आहे. ती म्हणाली की तुम्ही दोघं लग्नाच्या दिवशीही केकच्या चवीवरून असेच भांडला होता.

आजोबा, पाणी थंड आहे हे वाचून बरं वाटलं. आजी, मला पाव आवडतो. पण मला एकच गोष्ट विचारायची आहे आणि ती तुम्ही दोघांनीही लिहिलेली नाही. ज्या मुलीला कोणीच ओळखत नाही, ती जेवणाच्या सुट्टीत कुठे बसते?

चौथीत आम्ही घर बदललं तेव्हा मी तीन आठवडे पाण्याच्या नळाच्या रांगेत उभी राहायचे. पाणी प्यायले की पुन्हा रांगेच्या शेवटी. रांगेत असलं की एकटं आहे असं दिसत नाही. पण मग वर्गातून सारखं बाहेर जायला लागायचं आणि बाईंनी आईला चिठ्ठी पाठवली. मला परत तसं करायचं नाहीये. मला खरंच भीती वाटते. आईला हे सांगू नका, तिची परीक्षा आहे.

लोभ दोघांवर सारखाच आहे, मोजून पाहिला.

तुमची,
कर्स्टन


प्लम फॉल्स
२७ जुलै

चि. कर्स्टनला अ. आ.

तुझं पत्र आम्ही न्याहारीच्या वेळी वाचलं. आजीने ते माझ्या हातातून घेऊन पुन्हा एकदा वाचलं. मग ती म्हणाली की एकटी बसणारी मुलं वाढपाच्या खिडकीशी येऊन तिच्याशी गप्पा मारायची, ती त्यांना बटाट्याचे तळलेले गोळे जास्तीचे वाढायची. पण आता तिथे ती नाही. मलाही कबूल करावं लागलं की मी मुलांना फाटकाशी सोडायचो आणि निघून यायचो. आत काय होतं ते सव्वीस वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. मला त्याची लाज वाटली.

शाळा तर बंद. म्हणून मी गावच्या पोहण्याच्या तलावावर गेलो. तिथे दर तासाला शिट्टी होते आणि दहा मिनिटं सगळ्या मुलांना पाण्याबाहेर बसावं लागतं. दोन्ही शाळांची मुलं टॉवेल गुंडाळून आयती सापडतात. मी पाटीला कागद लावून विचारत फिरलो. तिसऱ्या शिट्टीला पहाऱ्यावरच्या पोराने मला बाजूला घेतलं आणि तुम्ही कोण, असं विचारलं. शेवटी आजीला फोन गेला. ती केसांना कर्लर लावलेल्या अवस्थेत आली आणि हा माणूस माझाच आहे, दुर्दैवाने, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं.

टॅनरी रोडच्या अकरा मुलांना विचारलं. नऊ जण हसून म्हणाले, नवीन मुलगी जागा मिळेल तिथे बसेल. एक म्हणाला, कचऱ्याच्या डब्यापाशी नेहमी जागा असते. अकराव्याला प्रश्नच कळला नाही. माझ्या शाळेने मला तोंडघशी पाडलं. हॉफनरची मुलंही काही फार वेगळी नव्हती, तीही हसलीच. फक्त एक मुलगी हसली नाही. मार्नी श्लाइस, यंदा सहावीत. तिने तुझं नाव विचारलं, माझं पेन घेऊन तुझा पत्ता हातावर लिहिला आणि शिट्टी होताच पाण्यात उडी मारली. पाच मिनिटांनी निथळत परत आली आणि पत्ता पुन्हा मागितला.

घरी येऊन मी पलंग दाराकडे ढकलला आणि चाकांखाली लाकडाचे ठोकळे घातले. आजी दारात उभी होती. ती जिंकल्याचं बोलली नाही. रात्रीच्या जेवणापर्यंत तरी नाही.

आमच्यावर माया असू दे. बाजू तूच ठरव.

तुझे,
आजोबा


प्लम फॉल्स
१५ ऑगस्ट

चि. कर्स्टनला आजीचे अ. आ.

ल्युडकेबाई आज येऊन गेल्या. त्यांनी टेप लावून मोजलं, उशी हॉफनरच्या हद्दीत पंचवीस इंच आत आहे. त्यांनी सही केली तेव्हा हे खिडकीकडे तोंड करून उभे होते. संध्याकाळी मी ह्यांच्यासाठी मुद्दाम पिशवीतला पाव आणला. हे चार खाऊन उठले. तू २७ तारखेच्या मंगळवारी येतेस, स्टेशनवर आम्ही दोघंही येऊ.

जीव लावतेसच, तो सांभाळून आण.

तुझी,
आजी


प्लम फॉल्स
१५ ऑगस्ट

प्रिय कर्स्टन,

आपली ओळख नाही, म्हणून ‘प्रिय’ लिहावं की नाही हे कळेना. आई म्हणाली लिही, त्याला पैसे पडत नाहीत. पत्र उशिरा लिहितेय, कारण हातावरचा पत्ता दुसऱ्यांदाही पुसला. मग मी तुझ्या आजोबांच्या घरी गेले. त्यांनी तो या वेळी कागदावर दिला आणि कागद माझ्या चपलेत घातला.

त्यांनी तलावावर तो प्रश्न विचारला तेव्हा मी हसले नाही, कारण मला उत्तर माहीत होतं. हॉफनरमध्ये दुधाच्या फ्रिजशेजारी एक टेबल आहे. फ्रिज फार घुं घुं करतो म्हणून तिथे कोणी बसत नाही. पाचवीत मी रोज तिथेच बसायचे. आवाजाची सवय होते. पहिल्या दिवशी तू काही बोलली नाहीस तरी चालेल, मी कासवांबद्दल खूप बोलू शकते. जागा मिळेल की नाही याची काळजी करू नकोस. माझ्या समोरची खुर्ची वर्षभर रिकामी होती, म्हणजे ती मिळेलच.

लोभ आत्ताच सुरू झालाय, म्हणून थोडाच पाठवते.

तुझी,
मार्नी

ता. क. तू काय खात नाहीस ते कळव. ते मी खाईन.